दुखण्याचा भार कोणी वाहावयाचा?

मुंबईच्या गिरणगावात दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळी एखादा साचेवाला तापाने अंथरुणाला खिळला, म्हणजे गिरणीच्या हजेरीपटात त्याच्या दुखण्याची नोंद एकाच शब्दात होत असे: खाडा. त्या दिवसापासून त्याचा पगार थांबे. जॉबर त्याच्या साच्यांवर एखादा बदलीवाला उभा करी आणि कापड विणले जातच राही. इकडे आजाऱ्याचे पहिले काही दिवस खानावळीतल्या उधारीवर निघत, पुढचे पठाणाच्या व्याजावर. आणि तेवढ्यानेही भागेनासे झाले म्हणजे तो वळकटी बांधून बोटीने कोकणात किंवा आगगाडीने घाटावर आपल्या गावी जाई. गाव हाच त्याचा दवाखाना होता आणि गाव हाच त्याचा विमा होता. बरा होऊन तो परत येई, तेव्हा त्याची जागा शिल्लक असेलच अशी शाश्वती नसे.

गावी जाण्याच्या या रिवाजाला हिंदुस्थानातील आरोग्यविषयक कायद्यांच्या इतिहासात एक चमत्कारिक स्थान आहे. ज्या रिवाजावरून कामगाराची निराधार अवस्था सिद्ध व्हावयाची, तोच रिवाज त्याला आजारपणाचा विमा न देण्याचे कारण म्हणून पंधरा वर्षे पुढे केला जात होता.

आजारपणाच्या सक्तीच्या विम्याची कल्पना मूळची जर्मनीतली. बिस्मार्कने १८८३ साली तेथे तसा कायदा केला. तो कामगारांवरील प्रेमापेक्षा समाजवाद्यांच्या पायाखालची वाळू सरकविण्यासाठी केला, असे इतिहासकार सांगतात. इंग्लंडात लॉइड जॉर्ज यांनी १९११ साली तोच मार्ग धरला. पहिल्या महायुद्धानंतर जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय मजूर संघटना उभी राहिली आणि १९२७ साली तिने आजारपणाच्या विम्याविषयी करार संमत केले. हिंदुस्थान त्या संघटनेचा सभासद असल्यामुळे ते करार दिल्लीला विचारार्थ येणे क्रमप्राप्त होते. ते आले आणि परतही गेले. येथील मजूर फिरता आहे, आजारी पडताच तो गावाकडे पळतो, गावात डॉक्टर नाही, शिवाय पगारातून सक्तीची कपात त्याला मानवणार नाही, अशी कारणे सांगून १९२८ साली करारांना मान्यता नाकारण्यात आली. यांतले एकही कारण खोटे नव्हते. परंतु फिरता मजूर स्थिर व्हावा, त्याच्या दुखण्याची सोय शहरातच व्हावी, म्हणूनच विमा हवा, हा उलट युक्तिवाद त्या वेळी सरकारी टिपणांत फारसा शिरला नाही.

त्याच सुमारास मुंबई कायदेमंडळात एका लहानशा विधेयकाने हाच वाद वेगळ्या दिशेने उघड केला. ते विधेयक गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात रजा व साहाय्य देण्याविषयीचे होते, आणि १९२८ साली त्याला ज्यांनी जोरदार पाठिंबा दिला त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्या अर्थी त्याचा बराचसा भार सरकारनेच उचलला पाहिजे. पण त्या स्त्रीच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे होता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कायदा १९२९ साली झाला. अशा तऱ्हेचा तो या देशातील पहिला कायदा होय. मात्र त्यात भार पडला तो मालकावर, आणि एकट्या मालकावर भार टाकला की तो स्त्रियांना कामावर ठेवण्यासच नाखूष होतो, हा अनुभव पुढे येत गेला. दुखणे एकाचे, लाभ अनेकांचा, आणि खर्च एकट्याच्या माथी, असे झाले म्हणजे कायदा ज्याच्यासाठी केला त्याच्यावरच उलटतो. आजारपणाच्या विम्याच्या पुढील सर्व चर्चेचे बीज या अनुभवात आहे.

१९३१ साली व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील मजूर आयोगाने आजारपणाच्या विम्याचा विचार व्हावा, त्यासाठी आधी आकडेवारी गोळा करावी, असे सुचविले. मुंबईच्या कापड कामगार चौकशी समितीनेही तोच धागा पुढे नेला. प्रांतांच्या मजूरमंत्र्यांच्या परिषदांतून विषय निघत राहिला आणि पुढच्या परिषदेकडे सोपविला जात राहिला. वर्षे अशी गेली.

मग युद्ध आले. युद्धात कारखाने दिवसरात्र चालू लागले, कामगाराची किंमत वाढली, आणि १९४२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. बॉम्बच्या वर्षावाखाली असलेले राष्ट्र युद्धोत्तर काळातील आजारपण, बेकारी व वार्धक्य यांची तरतूद करीत आहे, हे दृश्य दिल्लीच्या सचिवालयालाही अस्वस्थ करणारे होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते जुलै १९४२ पासून डॉ. आंबेडकर यांच्याकडे आले होते. सरकार, मालक आणि कामगार या तिन्ही पक्षांना एका मेजाभोवती बसविणारी परिषद त्याच वर्षी सुरू झाली. विम्याचा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नाही.

१९४३ साली हिंदुस्थान सरकारने दोन माणसांच्या हाती दोन कामे सोपविली. मार्च महिन्यात मजूर खात्याने प्रा. बी. पी. आडारकर यांस कारखान्यांतील कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना तयार करण्यास सांगितले. ऑक्टोबरात आरोग्य खात्याच्या वतीने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमण्यात आली. खाती दोन, फायली दोन, प्रश्न मात्र एकच. सचिवालयाचा ज्यांना थोडाफार परिचय आहे त्यांना यात नवल वाटावयाचे नाही.

दोघेही मराठी मुलुखाशी बांधलेले होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. भोर यांचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. सनदी नोकरीत शिरून ते कोचीनचे दिवाण झाले आणि पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात रेल्वे व व्यापार या खात्यांचे सभासद झाले. ते वैद्यकातले नव्हते; जमाखर्चाची, करारमदारांची आणि मोठ्या खात्यांच्या कारभाराची त्यांना सवय होती. अशा माणसाच्या नावाने निघालेला अहवाल काटकसरीचा असेल, अशी कोणाचीही अपेक्षा झाली असती. आडारकर हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, चलनविषयक ग्रंथांनी नाव मिळविलेले. त्यांच्या योजनेनंतर त्यांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हणू लागले. भोर समितीत मुंबईचे ना. म. जोशी हेही होते. मजूर आयोगावर ज्यांनी काम केले, देशातील पहिली मध्यवर्ती कामगार संघटना ज्यांनी १९२० साली उभी करण्यास हातभार लावला, तेच जोशी. या प्रश्नाचा एक टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास त्यांच्याइतका जवळून क्वचितच कोणी पाहिला असेल.

आडारकरांनी आपला अहवाल १५ ऑगस्ट १९४४ रोजी सादर केला. भोर समितीचा अहवाल १९४६ साली चार खंडांत बाहेर आला.

भोर अहवालाचा पहिला खंड उघडला म्हणजे त्यातील आकडेच बोलू लागतात. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे. दर हजार जिवंत जन्मलेल्या अर्भकांपैकी १९३७ साली १६२ अर्भके वर्षाच्या आत दगावत. एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू दहा वर्षांखालील मुलांचे. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. त्यातही डॉक्टरांची गर्दी शहरांत. इंग्लंडात हजार माणसांमागे रुग्णालयात सात खाटा, तर येथे चार हजार माणसांमागे एक. हे सारे आकडे मांडून समितीने म्हटले ते थोडक्यात असे की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणाही माणसाला पुरेशा वैद्यकीय उपचारास मुकावे लागता कामा नये.

हे वाक्य त्यानंतर अनेक अहवालांच्या प्रारंभी आदराने घातले गेले. परंतु त्याच्या पाठोपाठ येणारा निष्कर्ष त्याहून धाडसी आहे, आणि तो तितकासा उद्‌धृत होत नाही. ही सेवा विम्याच्या वर्गणीतून उभी करावी काय, याचा समितीने विचार केला आणि साऱ्या देशासाठी तो मार्ग तिने नाकारला. कारण सरळ होते. वर्गणी घ्यावयाची तर ती देणारा हातात काही शिल्लक राहणारा माणूस असला पाहिजे. ज्या देशात बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न दोन वेळच्या अन्नालाही पुरत नाही, तेथे वर्गणीच्या अटीवर उपचार देणे म्हणजे गरजूलाच दाराबाहेर ठेवणे होय. म्हणून सेवा सर्वांना विनामूल्य, आणि तिचा खर्च मध्यवर्ती, प्रांतिक व स्थानिक करांतून, असे समितीने ठरविले. डॉक्टर पूर्ण वेळ पगारी असावेत आणि त्यांनी खासगी धंदा करू नये, असेही तिने सुचविले. दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे रुग्णालय असलेला प्राथमिक घटक, त्याच्या वर मोठी रुग्णालये, आणि सर्वांच्या माथ्यावर जिल्ह्याचे २,५०० खाटांचे रुग्णालय, हे तिचे दूरचे चित्र होते. जवळच्या दहा वर्षांसाठी ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र एवढ्यावर ती थांबली. हिशेबी सनदी अधिकाऱ्याच्या समितीने असा अहवाल द्यावा, हीच त्यातली मोठी गोष्ट आहे.

आडारकरांची दृष्टी वेगळी होती, आणि तिला तुच्छ लेखणे अन्यायाचे होईल. त्यांना साऱ्या देशाचा प्रश्न विचारलेलाच नव्हता. कापड, अभियांत्रिकी आणि धातू-खनिज या उद्योगांतील कामगारांचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांची योजना सक्तीची व वर्गणीवर आधारलेली होती. ती सोपी असावी, आरंभी फार महत्त्वाकांक्षी नसावी, तिचा जमाखर्च विमाशास्त्राच्या कसोटीला उतरावा आणि तीतून कोर्टकज्जे कमी निघावेत, असा त्यांचा कटाक्ष होता. देशात दवाखाने पुरेसे होईपर्यंत विमा थांबवावा, हे जुने म्हणणे त्यांनी मानले नाही. त्यांची विचारसरणी व्यवहारी माणसाची होती. सरकारच्या अंदाजपत्रकातून मिळणारा दवाखाना हा अर्थमंत्र्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. तंगीच्या वर्षी पहिली कात्री त्यालाच लागते. ज्याने वर्गणी भरली आहे त्याचा मात्र हक्क उत्पन्न होतो. दया मागावी लागते, हक्क बजावता येतो. कारखान्यातल्या माणसाची हजेरी लागते, पगार लागतो, म्हणून त्याच्यापासून आरंभ करता येतो, तेथूनच करावा.

दोघांपैकी बरोबर कोण, असा प्रश्न त्या काळी कोणी उघडपणे विचारला नाही. अहवाल दोन खात्यांचे असल्यामुळे त्यांची समोरासमोर गाठ क्वचितच पडली. आडारकरांचे म्हणणे आरंभ कोठे करावा याविषयी होते आणि भोर यांचे म्हणणे पोहोचावयाचे कोठे याविषयी होते. दोन्ही एकाच रस्त्यावरचे मैलाचे दगड ठरू शकले असते. प्रत्यक्षात आरंभालाच मुक्कामाचे रूप आले, आणि त्याची कारणे पुढील दहा वर्षांत सापडतात.

आडारकर योजनेवर आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे तज्ज्ञ मॉरिस स्टॅक व रघुनाथ राव यांचे मत १९४५ साली घेण्यात आले. त्यांनी तीन महत्त्वाच्या सुधारणा सुचविल्या. आजारपणाबरोबर बाळंतपण व कामावरील अपघात यांचाही विम्यात समावेश करावा. रोख साहाय्याचा कारभार आणि औषधोपचाराचा कारभार वेगळे ठेवावेत. आणि योजना तीन उद्योगांपुरती न ठेवता सर्व बारमाही कारखान्यांना, हातकाम न करणाऱ्या कारकुनांसही, लागू करावी. १९४६ च्या नोव्हेंबरात हंगामी सरकारचे मजूरमंत्री जगजीवनराम यांनी विधेयक मांडले, तेव्हा त्याच्या नावात ‘मजूर’ हा शब्द होता. प्रवर समितीतून ते बाहेर आले तेव्हा त्या जागी ‘कर्मचारी’ आला होता. एका शब्दाने कारकून आत आला.

पण दारे उघडली तशी काही बंदही झाली. विजेवर चालणारा आणि वीस किंवा अधिक माणसे असलेला कारखाना, आणि महिना ४०० रुपयांपर्यंत वेतन, ही मर्यादा होती. हंगामी कारखाने वगळले होते. कापसाचे जिनिंग-प्रेसिंग, साखर, गूळ, भुईमूग फोडणे, चहा, रबर, नीळ, लाख हे सारे त्या यादीत होते. म्हणजे खानदेश-वऱ्हाडातला जिनिंगमधला मजूर, ज्याच्या फुप्फुसात हंगामभर कापसाची रज जाई, तो विम्याबाहेर राहिला. त्याच कापसाचे सूत कातणारा मुंबईचा गिरणीकामगार आत आला. शेतमजुराचा तर प्रश्नच नव्हता.

विधिमंडळातील व बाहेरील वादात मालकांचे म्हणणे दोन मुद्द्यांवर उभे होते. एक, उद्योगावर हा नवा कर आहे आणि तो मालाच्या किमतीवर पडेल. दोन, योजना एकदम सर्वत्र सुरू होणार नसेल, तर जेथे ती आधी लागू होईल तेथील कारखानदार स्पर्धेत मागे पडेल. कामगारांच्या बाजूने म्हणणे असे की, वेतनच अपुरे असताना त्यातून वर्गणी कापणे कितपत न्याय्य आहे. आणि कामगार बरा झाला पण त्याचे मूल तापात पडले, तर त्या विम्याचा उपयोग काय? हा दुसरा मुद्दा फार खोल होता. आरंभी औषधोपचाराचा लाभ फक्त विमेदारालाच होता; कुटुंबाला तो १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू मिळू लागला. वर्गणीविषयीच्या आक्षेपाला मात्र कायद्यात काही उत्तर होते. मालकाचा हिस्सा कामगाराच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक ठेवला होता आणि रोज एक रुपयापेक्षा कमी मजुरी असणाऱ्यास वर्गणी माफ होती. आजारपणात वर्षाला ५६ दिवसांपर्यंत साधारण निम्मे वेतन मिळावयाचे होते.

२ एप्रिल १९४८ रोजी विधेयक संमत झाले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे उद्‌घाटन झाले. सरकार, मालक, कामगार, वैद्यकीय व्यवसाय व संसद या सर्वांचे प्रतिनिधी असलेली ही संस्था होती. परंतु उद्‌घाटन झाले तरी योजना सुरू होईना. फाळणीनंतरचे दिवस, दवाखान्यांना जागा नाही, डॉक्टर अपुरे, प्रांतांच्या तिजोऱ्या रिकाम्या. त्यात मालकांचा तो दुसरा मुद्दा आडवा आला: पहिला भार आम्हीच का सोसावा, हा कानपूरच्या कारखानदारांचा सवाल होता. त्याला १९५१ च्या दुरुस्तीने जे उत्तर दिले, ते कारभाराच्या दृष्टीने मोठे चतुर होते. योजना लागू असो वा नसो, देशातील सर्व मालकांनी विशेष वर्गणी द्यावी. जेथे ती लागू झाली तेथे वेतनखर्चाच्या सव्वा टक्का, इतरत्र पाऊण टक्का. अंतर उरले अर्ध्या टक्क्याचे. स्पर्धेचा आक्षेप त्याने पुसट केला, आणि मुंबईच्या मालकाला आपल्या कामगाराला काही मिळण्याआधीच पैसे भरावे लागल्यामुळे योजना आपल्याही शहरात लवकर यावी, अशी इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झाली असल्यास नवल नाही.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात सुमारे ७० हजारांच्या समुदायापुढे पंडित नेहरूंनी योजनेचा आरंभ केला आणि पहिले सन्माननीय विमेदार म्हणून स्वतःचे नाव नोंदविले. कानपूर व दिल्ली मिळून सुमारे १ लाख २० हजार कामगार त्या दिवशी विम्याच्या छत्राखाली आले. नागपूर व मुंबई येथे ती १९५४ साली पोहोचली. कामगाराच्या नावाचे कार्ड, त्यावर दर आठवड्याला वर्गणीचे तिकीट चिकटविणारा गिरणीतला कारकून, आणि दवाखान्याच्या दाराशी कार्ड हाती धरून उभी राहिलेली रांग, हे दृश्य गिरणगावात नित्याचे झाले. बदलीवाल्याची मात्र पंचाईत असे. त्याची तिकिटे आठवड्याआड पडत, आणि ठराविक संख्येची तिकिटे नसतील तर रोख साहाय्य मिळत नसे. सर्वांत अस्थिर तो, आणि विम्यात सर्वांत कच्चा तोच.

मुंबईने डॉक्टरांच्या बाबतीत कानपूरहून वेगळी वाट धरली. कानपुरात महामंडळाच्या योजनेचे स्वतंत्र दवाखाने व पगारी डॉक्टर होते. मुंबईत चाळीचाळीतून खासगी दवाखाने आधीच होते. त्यांतील डॉक्टरांची नावे यादीवर घ्यावयाची, कामगाराने त्यांतून आपला डॉक्टर निवडावयाचा, आणि डॉक्टरला माणशी ठराविक वार्षिक रक्कम द्यावयाची, अशी ‘पॅनेल’ पद्धत येथे आली. ओळखीचा डॉक्टर मिळाला ही कामगाराची सोय झाली. पण यादीतल्या कामगाराला पातळ औषध आणि रोख पैसे देणाऱ्याला सुई, ही तक्रारही त्या पद्धतीबरोबरच आली. गंमत अशी की, ही पॅनेल पद्धत लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या कायद्यातली. इंग्लंडने ५ जुलै १९४८ रोजी ती मोडीत काढली आणि करांतून चालणारी, सर्वांना विनामूल्य अशी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, म्हणजे भोर समितीने जे येथे सुचविले होते जवळजवळ तेच तेथे केले. ज्या वर्षी मायदेशी विम्याची वाट सोडली गेली, त्याच वर्षी दिल्लीत विम्याचा कायदा झाला.

मग भोर यांच्या अहवालाचे काय झाले? तोही अगदीच फायलीत पडून राहिला नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे खेड्यांत जाऊ लागली. परंतु चाळीस हजारांऐवजी साठ हजार, लाख वस्तीच्या विकासगटाला एक केंद्र, तेथे डॉक्टरची जागा पुष्कळदा रिकामी, औषधाचे कपाट वर्षाअखेर मोकळे. ७५ खाटांच्या घटकाचे नाव पुढे कोणी काढले नाही. १९६१ साली मुदलियार समितीने पाहणी केली तेव्हा भोर यांची उद्दिष्टे किती दूर राहिली आहेत हे तिलाही नमूद करावे लागले. दरम्यान १९५४ साली दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरांसाठी वर्गणीवर चालणारी आरोग्यसेवा सुरू झाली. कारखान्यातला कामगार आणि कचेरीतला नोकर, म्हणजे संघटितपणे बोलू शकणारे दोन्ही वर्ग, आपापल्या छत्राखाली गेले. आरोग्यसेवेसाठी कर वाढवा, असा आग्रह विधिमंडळात धरू शकणारा आवाज त्यामुळे क्षीण झाला, हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला गेलेला परिणाम आहे. खेड्यातला शेतमजूर एकटा राहिला, आणि त्याच्या वतीने बोलणारे ना. म. जोशी कारखान्यांच्या दाराशी जेवढे होते तेवढे शेताच्या बांधावर नव्हते.

यापुढची हकीकत लवकर सांगता येते. वेतनाची मर्यादा वेळोवेळी वाढत जाऊन १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये झाली. वीस माणसांची अट १९८९ च्या दुरुस्तीने विजेवरील कारखान्यांपुरती दहावर आली. गिरण्या बंद पडल्या तसे कार्डवाले कामगार पुन्हा कार्डाबाहेर गेले. १९८६ साली सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ विक्रीस काढला, आणि १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना विमाव्यवसायाचे दार उघडले. २००८ साली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी वर्षाला ३०,००० रुपयांचा राष्ट्रीय स्वास्थ्य विमा सुरू झाला. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे आरंभ झालेल्या योजनेने ती रक्कम कुटुंबामागे पाच लाखांवर नेली. या नव्या योजनांत वर्गणी गरिबाकडून न घेता करांतून भरली जाते. त्या दृष्टीने त्या भोर यांच्या जवळच्या, कारण पैसा सरकारचा. आणि आडारकरांच्याही जवळच्या, कारण रीत विम्याची. मात्र त्या मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या उपयोगी पडतात. रोजचा ताप, खोकला, मधुमेहाची गोळी यांचा खर्च त्यांच्या कक्षेबाहेर राहतो, आणि गरिबाचा पैसा अधिक जातो तो बव्हंशी याच वाटेने.

२०११ साली नियोजन आयोगाच्या तज्ज्ञगटाने, डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली, सर्वांना आरोग्यसेवा देण्याचा खर्च मुख्यत्वे सर्वसाधारण करांतूनच करावा आणि विमा कंपन्यांच्या मार्फत सेवा विकत घेऊ नये, असे मत दिले. सहासष्ट वर्षे नव्हेत, पण पासष्ट वर्षे तरी लोटली होती. शब्द बदलले होते, निष्कर्ष भोर यांचाच होता. २०२० साली संसदेने संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत १९४८ चा कायदा इतर आठ कायद्यांबरोबर सामावून घेण्याची तरतूद झाली. सरकारी हिशेबाप्रमाणे देशातील आरोग्यावरील एकूण खर्चापैकी लोकांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून दिलेला वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता; २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला होता.